मराठीच्या शबाना मॅडम

मंठ्याच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत एक किस्सा संपेपर्यंत दुसरा दारात उभा असतो. मी गणित शिकवतो, शबाना मॅडम मराठी. त्यांचे पणजोबासुद्धा मंठ्याचेच. तरी निम्मे किस्से त्यांचेच, त्याला त्या तरी काय करणार!

* * *

ॲडमिशनच्या दिवसांत एक पालक आले. मराठीच्या मॅडमना भेटायचं म्हणाले. शबाना मॅडम म्हणाल्या, मीच. गृहस्थ जरा थबकले आणि एकदम हिंदीत घुसले, "हमारे पोरगे का शुद्धलेखन कच्चा है." मॅडम मराठीत समजावत राहिल्या, ते हिंदीत माना डोलावत राहिले.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडमचं मराठी चांगलंय सर. पण हिंदी बिलकुल येत न्हाई का त्यांना?"

* * *

आमच्या पाटील बाई शबाना मॅडमच्या बाटलीतलं पाणी पीत नाहीत. उपास, घसा, काहीतरी कारण असतं. ईदला मात्र शीरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवून तिसरीकडे बघत होत्या. मी विचारलंच, हे कसं काय चालतं?

"त्यात दूध असतं सर. पाणी कुठं असतं?"

शबाना मॅडम तिसरी वाटी भरता भरता शांतपणे म्हणाल्या, "आमच्या दूधवाल्याला हे सांगू नका बाई."

* * *

दर स्नेहसंमेलनात राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण करायचं शबाना मॅडमनीच. यंदा त्यांनी हेडमास्तर सरांना सांगितलं, मला खो-खोचं बघू द्या, भाषण दुसऱ्या कुणाला द्या. हेडमास्तर घाबरलेच. म्हणाले, "असं कसं मॅडम? बाकीचे सगळे आपलेच आहेत. मंग एकात्मता करायची कोणाशी?"

त्यांनी भाषण केलं. खो-खोत आमची टीम हरली.

* * *

आता मॅडम माझ्या मावशीच्या घरी वरच्या मजल्यावर राहतात. पण त्याआधी बरीच घरं पाहून झाली होती.

एका घरमालकांशी त्या फोनवर बोलल्या. मालक खूश. असं गोड मराठी ऐकायला मिळत न्हाई म्हणाले, जल्दी या, खोली तुमचीच समजा. मॅडम गेल्या, नाव सांगितलं. मालकांना तेवढ्यात आठवलं की पुतण्याचं लग्न ठरलंय, नवी जोडी त्याच खोलीत राहणार आहे. मॅडमनी अभिनंदन केलं, चहा न पिता परत आल्या.

मलाही खोली हवीच होती, मावशीचा वरचा मजला तेव्हा रिकामा नव्हता. चार दिवसांनी मी गेलो. खोली रिकामीच होती. मालकांनी नळ सोडून दाखवला, मोटरसायकल कुठं लावायची ते दाखवलं. मग आडनाव विचारलं. मी म्हणालो, कांबळे. पुतण्याचं लग्न पुन्हा ठरलं.

स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर आमचे देशमुख सर पेटले. दुसऱ्याच दिवशी ते गेले. आडनाव ऐकताच मालकांनी किल्ली हातात ठेवली. देशमुख सर किल्ली परत देत म्हणाले, "नको, इथं तुमचा पुतण्या राहणार आहे ना?"

मालक गोंधळले.

"कोणता पुतण्या? मला भाऊच न्हाई."