विजय नगरच्या गच्चीवरून तेजोमेघ

पुणे स्टेशनवर सामान तपासणाऱ्या पोलिसाने माझ्या लांबुळक्या पेटीवर काठी टेकवली आणि विचारलं, "ताई, तोफ घेऊन कुठं निघालात?"

"इंदूरला. दुर्बीण आहे."

"का? इंदुरात आकाश वेगळं असतं का?"

प्रश्न रास्त होता. तारे बघायला माणूस डोंगरावर जातो, एवढ्या दिव्यांच्या शहरात नाही. पण हा प्रवास ताऱ्यांसाठी कमी आणि शरदमामासाठी जास्त होता. मामा इंदूरच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. वायूच्या ढगात तारे कसे जन्मतात, कसे तळपतात, कसे विझतात, हे त्याने आयुष्यभर फळ्यावर खडूने काढून दाखवलं. असा ढग, म्हणजे तेजोमेघ, दुर्बिणीतून मात्र त्याने कधी पाहिला नाही. शाळेत दुर्बीण नव्हती, पुढे राहून गेलं. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजत चालले होते आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामा फोनवर एवढंच म्हणाला, "थंडीतच येऊन जा ना गं. नंतरचा काय भरोसा?" दुसऱ्याच दिवशी मी तिकीट काढलं.

सकाळी इंदुरात उतरले. रिक्षात बसून मी संत्रं सोलायला घेतलं, तोच रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मैडम, छिलका इधर नी फेंकना. डिब्बा रखा है पीछे." मी टाकणार नव्हतेच! तरी उगीच अपराध्यासारखी साल हातात धरून बसले. रस्ते खरोखरच झाडून पुसल्यासारखे स्वच्छ होते, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

विजय नगरच्या फ्लॅटचं दार मामीने उघडलं. "अगं, किती दुबली झाली तू! पहले पोहे खा, मग बाकी सगळं." वाफेवरचे मऊ पोहे, वर शेव, जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेजारी गरम जिलबी. सकाळी उठून जिलबी खाणाऱ्या शहराशी माझं कधीच वैर होऊ शकत नाही.

मामा पुढ्यात येऊन बसला. "तुझा चेहरा बघायला गेलो, तर नाकच गायब!" म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

पेटी उघडली तर दुर्बिणीच्या आरशामागचा एक स्क्रू प्रवासात गळून गेला होता. तो नसेल तर आरसा डुगडुगतो आणि एका ताऱ्याचे चार होतात. मग मामा आणि मी सिटी बसने कृष्णपुऱ्याकडच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तळहातावर स्क्रूंचा ढीग ओतला. "दुर्बीन का है? लगाओ भिया, और देख के बताना, ऊपर पोहे मिलते हैं क्या!"

येताना नदीकाठच्या छत्र्यांपाशी (राजघराण्याच्या दगडी समाध्या) टेकलो. ऊन कोवळं होतं. मामा म्हणाला, "आज तो ढग नाही दिसला, तर मुलांना मी आयुष्यभर ऐकीव गोष्ट सांगत राहिलो, असंच वाटेल बघ मला."

"दिसेल रे," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

अंधार पडल्यावर दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले आणि दारातच थबकले. अख्खी गच्ची लखलखत होती! कठड्याभोवती दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात हॅलोजन, आणि त्या उजेडात खुर्च्या मांडून बसलेले बिल्डिंगमधले लोक. सोसायटीचे सेक्रेटरी सोळंकीजी हात जोडून पुढे आले.

"दीदी, कैसी लगी लाइटिंग? आप इत्ती दूर से तारे लेके आए हो, अंधेरे में थोड़ी बिठाएँगे!"

पाहुण्याचा मान म्हणून तारे बघायच्या जागी रोषणाई! एवढ्या मायेने केलेल्या चुकीवर रागावणार तरी कसं? मी समजावलं, की डोळ्यांना अंधार अंगवळणी पडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सोळंकीजींनी लगेच सगळं विझवलं. डोळे जरा सरावतात न सरावतात, तोच मामी गरम गराडू (तळलेला कंद) घेऊन आली आणि प्रत्येकाला ताटली नीट दिसावी म्हणून मोबाइलची बॅटरी मारत फिरली. पुन्हा पहिल्यापासून!

तेवढ्या वेळात मामाने ताबा घेतला. पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलं होतं. त्याला ते दिसत नव्हतं, पण कुठे काय असेल हे पाठ होतं. "तो तांबूस तारा दिसतोय ना, तो काक्षी. म्हातारा झालाय, फुगलाय, एक दिवस फुटणार. आणि तो निळसर, तो राजन्य. निळा जास्त गरम, गॅसच्या ज्योतीसारखा. मोठे तारे म्हणजे मोठ्या घरचे उधळे पोरगे, लवकर संपतात. आपला सूर्य जपून राहणारा आहे."

"और पैदा कहाँ होते हैं, सर?" सोळंकीजींनी विचारलं.

"बाणातल्या तीन ताऱ्यांच्या बाजूला. तिथून निघालेला उजेड सुमारे तेराशे वर्षं चालून आता पोहोचतोय."

मी दुर्बीण तिकडे वळवली. आधी सोळंकीजींनी पाहिलं. "दो-चार तारे हैं बस. बादल-वादल तो नी दिखा."

मग मामा वाकला.

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "मधे सगळा काळोखच आहे."

त्याच वेळी मला आठवलं, की नवख्या माणसाला मी पहिला धडा हाच देते: अंधूक गोष्टीकडे रोखून बघू नये. मंद उजेड डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त कळतो. मामाचा मध्यच तर गेला होता. कडा शाबूत होत्या.

"मामा, सरळ नको बघूस. शेजारच्या एखाद्या ताऱ्याकडे बघ, आणि ध्यान मात्र मधे ठेव."

"अगं, तेच तर करतो दिवसभर. मामीला बघायचं, तर तिच्या कानाकडे बघावं लागतं."

तो पुन्हा वाकला. एकदम त्याचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला.

"धूर... राखाडी धूर आहे गं. पंखासारखा पसरलाय. मी खडूने काढायचो, त्यापेक्षा कितीतरी मोठा."

मामी रडत होती. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ? मामा मात्र डोळे पुसायलाही थांबला नाही. "सोळंकीजी, इधर आओ! आपने सीधा घूरा, इसलिए नी दिखा. तिरछा देखो." सोळंकीजींनी तिरपं पाहिलं आणि "अरे बाप रे!" म्हणून ओरडले. मग रांगच लागली, आणि मामा प्रत्येकाची मान हाताने वळवून देत होता.

मी परतले दुसऱ्या दिवशी रात्री. दुर्बीण तिथेच ठेवली. पुण्यात ती बहुतेक दिवस माझ्या कपाटावर पडून असते, आणि मामाला आता वेळ दवडून चालणार नाही. स्टेशनवर पोहोचवायला फक्त मामी आली. "यांना बिल्डिंगवाल्यांनी वर बोलावलंय गं, राग नको मानू."

गाडी हलल्यावर मी मामाला फोन लावला. तो उचलला गेला, पण माझ्याशी कोणी बोललं नाही. फोन बहुतेक कठड्यावर ठेवला असावा. लांबून फक्त मामाचा आवाज येत होता, वर्गातला, खणखणीत: "घाई नको. आधी डोळे अंधाराला सरावू देत. हं, आता जरा बाजूला बघा."

मी फोन कानाला लावून गप्प बसून राहिले. तास चालू असताना मधे बोललेलं मामाला आवडत नाही.