पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या नोंदी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी रामाकोन्याच्या शाळेतल्या माझ्या गुरुजींचं नाव घेईन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीनंतर वडील मला संत्र्याच्या बागेत कामाला लावणार होते. गुरुजी सलग तीन संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसले, तेव्हा कुठे वडिलांनी होकार दिला. पुढे ते मला पत्रं लिहीत. पत्राला उत्तर पत्रानेच द्यायचं, ही त्यांची शिस्त. त्याच गुरुजींचं नाव एका तपासात माझ्या टेबलावर आलं. तो दिवस अजून मनातून जात नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं म्हणून मला घराजवळ, पांढुर्ण्याच्या ठाण्यात बदली मिळाली होती. एका सकाळी हजेरी आटोपत होती तेव्हा एक बाई आल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, माझा घरवाला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर आहे. या गोळ्या खाऊन उभ्या उभ्या झोपते. एखाद दिवशी हात गेला त मी काय करू? माझं नाव नका सांगजा, पण दुकान बंद करा."

दुकानाचं नाव त्यांनीच सांगितलं. चिठ्ठीशिवाय तिथे हव्या तितक्या गोळ्या मिळत होत्या.

नशा आणणाऱ्या अशा औषधांसाठी दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं असतं. त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव-पत्ता, औषध आणि तारीख लिहायची आणि ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने स्वतःहून रजिस्टर पुढे केलं.

"पाहून घ्या साहेब. एक ओळ कमी निघाली त मले म्हणजा."

खरंच, ओळ कमी नव्हती. साठा आणि नोंदी तंतोतंत जुळत होत्या. पानं उलटता उलटता माझं बोट एका नावावर थांबलं. नाव गुरुजींचं, पत्ता सावरगावचा. निवृत्तीनंतर ते तिथे मुलीकडे राहत होते. एका महिन्यात त्यांच्या नावावर चार वेळा गोळ्या गेल्या होत्या. सप्टेंबरमधल्या एकाच तारखेला ते आणि सावरगावचे आणखी सहा जण, अशा सात नोंदी ओळीने होत्या.

गुरुजींना सवय लागली असेल का? की त्यांच्या नावाने घरातलं दुसरं कोणी नेत असेल? रोजनामच्यात त्या दिवशी मी 'नोंदी तपासल्या' एवढंच लिहिलं. नाव लिहायला हात धजला नाही. वरिष्ठांना कळलं तर काय होईल, याची भीती होती. त्याहून मोठी भीती ते खरं निघण्याची होती.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन मी जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावला गेलो. गुरुजी खाटेवर होते. कॅन्सर हाडांत उतरला होता, हे मला तिथे कळलं.

"काऊन रे, आज कसा काय रस्ता चुकला?" ते म्हणाले.

इकडचं तिकडचं बोलून मी औषधाचा विषय काढला. महिन्यातून एकदा त्यांची मुलगी, म्हणजे ताई, चिठ्ठी दाखवून त्याच दुकानातून दुखण्यावरच्या या गोळ्या आणत होत्या. मी रजिस्टरातली ती सात नोंदींची तारीख सांगून विचारलं, "त्या दिवशीही आणल्या होत्या का?"

ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली आणि त्या हसल्याच. "भाऊ, हा त पोळ्याचा दुसरा दिवस. गोटमार होती."

गुरुजी म्हणाले, "अरे, त्या दिवशी सावरगावचा माणूस गोळ्या घ्याले पांढुर्ण्यात जाईन का? पोलिसात राहून हेच विसरला?"

मी खरंच विसरलो होतो; माझी बदली त्या वर्षीच्या गोटमारीनंतरची, त्यामुळे तिथला बंदोबस्त माझ्या वाट्याला आलाच नव्हता. नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावं एकमेकांवर दगड मारत असतात तो गोटमारीचा दिवस. पण पोळा तिथीने येतो आणि रजिस्टर तारखेने चालतं. माझ्यासारखीच दुकानदाराचीही चूक झाली होती. महिनाअखेरीला बसून नोंदी भरताना त्याने कॅलेंडर पाहिलंच नाही.

त्याच दुपारी त्याला ठाण्यात बोलावलं. तो निवांत होता.

"गोटमारीच्या दिवशी दुकान उघडं होतं?"

"अर्धं शटर होतं साहेब."

"आणि सावरगावचे सात जण आले?"

आमचे हेड कॉन्स्टेबल सावरगावचे जावई. ते म्हणाले, "मालक, त्या दिवशी माझा सासरा माझा फोन उचलत नाही. तुमच्याकडे सात जण कसे आले जी?"

त्याने पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. खऱ्या रुग्णांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरची नावं तो रजिस्टरात उतरवी आणि गोळ्या भलत्यांनाच विकी. बयान झालं, पंचनामा झाला, दुकानाला सील लागलं. जिनिंगमधल्या त्या कामगाराला उपचारासाठी नागपूरला पाठवलं. त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत.

मला वाटलं, काम संपलं. आठ दिवसांनी ताईंचा फोन आला. कारवाईला घाबरून गावातल्या बाकीच्या दुकानांनी त्या गोळ्या ठेवणंच बंद केलं होतं. गुरुजी आठ दिवस कण्हत होते.

राज्याने अशा प्रत्येक चिठ्ठीवर कायद्याने आणखी कडक नजर ठेवावी, असं आता बोललं जातं. मला विचारलं तर ठेवावी. पण त्या यादीतली बहुतेक नावं दुखणं सोसणाऱ्या माणसांची असतात, हे यादी तपासणाऱ्याने विसरू नये. मी विसरलो होतो. त्या संध्याकाळी मी गुरुजींना पत्र लिहिलं:

"आदरणीय गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार.

दुकान बंद करताना तुमच्या गोळ्यांचं काय होईल, हे माझ्या मनातही आलं नाही. क्षमा असावी. सौंसरच्या एका दुकानदाराशी औषध निरीक्षक माझ्यासमोर बोलले आहेत. चिठ्ठी दाखवली की तो अडवणार नाही. या खेपेच्या गोळ्या मी ताईंकडून चिठ्ठी घेऊन स्वतः आणून देतो.

दुसरी गोष्ट तोंडाने सांगता आली नसती. मी संत्री घेऊन आलो, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की विद्यार्थी भेटायला आला. तसं नव्हतं. रजिस्टरात तुमचं नाव वाचून मी चौकशीला आलो होतो. खिशात वही होती. तुम्ही ओळखलं असेल, तरी काही बोलला नाहीत.

रविवारी येतो. या वेळी नुसता भेटायला."