नदीच्या बाजूची कडी

गेल्या रविवारी निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी गेलो होतो. सुधीर माझा टिळकवाडीतला मित्र, शाळेत शिक्षक. नदीकाठच्या जुन्या पेठेतलं त्याच्या काकांचं घर आता त्याच्याकडे आलंय.

पेठ म्हणजे एकच गल्ली... नदीपासून चढत देवळापर्यंत जाणारी. तंबाखूच्या व्यापारात पैसा आला तेव्हा बांधलेली. देवळाजवळचं पहिलं घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, नदीकडचं शेवटचं स्वातंत्र्याच्या थोडं आधीचं. खाली काळा दगड, वर जांभा, सागवानी खांब, मंगलोरी कौलं. सगळी घरं अजून उभी आहेत, आणि सगळ्यांत माणसं राहतात.

घरं एकमेकांना लागून. माडीवर प्रत्येक सामाईक भिंतीत एक बुटकं दार. पुरात गल्ली बुडाली की खालची माणसं माडीमाडीने वर सरकत देवळापर्यंत पोचतात...

सुधीरला त्यातलं एक दार बुजवायचं होतं. माडी भाड्याने द्यायची होती, आणि नदीकडच्या खालच्या घरातून येणाऱ्या दाराला त्याच्या बाजूने कडीच नव्हती. "सुतारानं उलटं बसवलंय," तो म्हणाला. विटा येऊन पडल्या होत्या. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता.

खालच्या घरात आक्का राहतात. त्यांचे यजमान, आप्पा, लकव्यामुळे अंथरुणाला खिळलेले. त्यांची खाट माडीवर, त्याच दाराशी.

आम्ही सुधीरच्या माडीवर बोलत होतो तेवढ्यात दार उघडलं आणि वाकून आक्काच आत आल्या. सुधीरला त्या लहानपणापासून ओळखतात.

"बुजवणार म्हणं रं?"

"आक्का, भाडेकरू राहणार. कडी तुमच्याकडं. त्यांनी झोपायचं कसं?"

"झोपू देत की. मी काय त्यांची घोरणी ऐकाय येणार हाय?" मग आवाज खाली आला. "पाणी आलं तर आप्पांस्नी कुठनं न्यायचं रं? जिन्यात पाणीच की..."

मी समोरच्या, वरच्या घराकडच्या भिंतीकडे बघितलं. तिथलं दारही तसंच बुटकं. फक्त त्याची कडी आमच्या बाजूला होती.

सुधीरने ती काढली. पलीकडे शेजारीण विड्या वळत बसली होती. तिने मान वर केली. "काय ओ मास्तर, एवढ्या उन्हात पूर आला काय?"

आक्का मोठ्याने हसल्या.

त्या माडीवर तंबाखूच्या टोपल्या भिंतीपर्यंत रचलेल्या. दारापुढची जागा मात्र मोकळी. तिच्या पुढच्या दाराची कडी तिच्या बाजूला... त्याच्या पुढच्या घरातही तेच. माणसं सरकून वाट देत होती, आम्ही चढत होतो. गल्लीत पाय न ठेवता देवळाच्या ओवरीत बाहेर पडलो.

ही गल्ली वर्षानुवर्षं खाली नदीकडे वाढत गेली. मालक वेगळे, सुतार वेगळे, जाती वेगळ्या. एकमेकांच्या चुलीपाशी न जाणारी माणसं ती... तरी एकाही दारात चूक नाही. पाणी ज्याच्या घरात आधी शिरणार, कडी त्याच्या हातात. वरच्याला दार लावून घेताच येत नाही.

मी बरीच मोठमोठी देवळं पाहिली आहेत, किल्ले पाहिले आहेत. पण असं काही कुठेच पाहिलं नव्हतं.

परतताना सुधीर आप्पांच्या खाटेशी थोडा वेळ बसला. आप्पांना बोलता येत नाही. त्यांनी चांगला हात उचलून त्याच्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बाहेर येऊन सुधीरने गवंड्याला फोन केला... विटा परत घेऊन जा म्हणाला.

"मग भाडेकरूंना काय सांगणार?" मी विचारलं.

"दारापुढं सामान ठेवायचं नाही म्हणून."

एवढीच अट. त्या अटीवर ती गल्ली इतके पूर निभावून गेली... बघायला मिळाली, भरून पावलो.