चंद्रीचा डोळा

शालनच्या वासराचं काय करायचं ते शालनला न विचारता ठरलं, आणि त्याचा राग तिला जन्मभर पुरला. पुरायलाच हवा होता.

साल अठ्ठावन्न. हवालदार हिंदुराव आणि शालन कोल्हापूरकडचे, राहायला जयपूरच्या लष्करी लायनीत. हरणी गाय शालनची, तिची कालवड चंद्रीही. शेण तिनं काढायचं, धार तिनं काढायची. हवालदारांचा संबंध दुधाच्या पेल्यापुरता. गोठे दाटीचे. एका गाईनं शिंगानं दुसरीची कास फाडली, तेव्हा हुकूम निघाला की वासरांची शिंगं उगवण्याआधीच काढायची.

गुरांचे डॉक्टर वसंतराव दारात खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी दोन्ही पद्धती समजावल्या त्या हिंदुरावाला. तापल्या लोखंडानं शिंगाचा कोंब डागायचा, नाहीतर त्यावर कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकची कांडी चोळायची. परक्या पुरुषापुढं थांबायची रीत नव्हती, म्हणून शालन चहा ठेवून आत गेली. तान्ह्या जिवाला डाग कशाला, म्हणत हिंदुरावानं कांडी निवडली. डॉक्टरांनी ती लगेच चंद्रीच्या कोंबांवर चोळली आणि पाणी लागू देऊ नका असं बजावलं, तेही त्यालाच. त्यानं मान डोलावली. बायकोला सांगावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेंदूर, गुरांना न्हाऊ घालून त्यांची शिंगं रंगवायचा सण. लायनीत तो फक्त शालन पाळायची. आता चंद्रीची शिंगं कधीच रंगवता यायची नाहीत म्हणून धुसफुसत तिनं तिला निदान आंघोळ घातली, डोक्यापासून. कोंबावरचं औषध ओघळून डाव्या डोळ्यात उतरलं. तो डोळा पांढरा पडला तो कायमचा.

वर डॉक्टर आणि हिंदुराव दोघंही म्हणाले, बाईमाणसाला कळत नाही. कळायला तिला सांगितलं होतं कुणी?

पुढच्या वर्षी हरणी पुन्हा व्याली. वसंतराव खुर्चीत बसून हवालदारसाहेबांची चौकशी करू लागले. शालननं चहा टाकलाच नाही. पदर खोचून ती पुढं आली.

"ते परेडला गेल्यात. वासराचं काय सांगायचं ते मला सांगा."

साहेब आल्यावर बोलू, असं डॉक्टर म्हणाले. शालननं चंद्रीला सोडून आणली आणि तिचं तोंड त्यांच्याकडं वळवून धरलं.

"मग हिच्याकडं बघून तसं म्हणा."

वसंतराव उठले. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. शालननं डाग निवडला आणि वासराचं डोकं स्वतः मांडीत घट्ट धरलं.

हिंदुराव परेडहून आला, तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही.