सुटलेली नाडी

तिसऱ्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. नाशिकच्या दवाखान्यात पिशवी साफ केली, पण वार पूर्ण निघेना. पहिल्या मुलीच्या सिझरचे टाके होते, नेमकी तिथंच ती मुळं धरून बसलेली. रक्त थांबत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत फुगा ठेवलाय. त्याच्या दाबानं थांबेल. संध्याकाळपर्यंत नाही थांबलं तर पिशवीच काढावी लागेल."

मी सातवीत शाळा सोडलेली. डॉक्टर काहीही बोलल्या तरी घाबरून मान हलवते. जत्रेत रडूनसुद्धा कधी फुगा मिळाला नव्हता, मिळाला तो असा.

आमचं गाव चंद्रपूरच्याही पलीकडं. तिकडं वार अडकली की कुलपं उघडतात, गाठी सोडतात. बाहेरचं सुटलं की आतलं सुटतं म्हणे. आईनं फोनवर तेच फर्मान काढलं. सायखेड्याला आम्ही ज्यांच्या खोलीत राहतो त्या मावशींनी लेकीला सांभाळत तेही मनावर घेतलं. फोनवर म्हणाल्या, "कपाट, पेटी, डबे, समदं उघडलं बघ. शेळीबी सोडली. तू काळजी करू नको, पोरी."

नर्स पिशवी काढायच्या संमतीचा कागद घेऊन आली. आमचे हे उशाशी स्टुलावर, घाईत पायजम्यावरच आलेले.

"या इकडं, टेबलावर सही करा."

"इथंच द्या ना."

"उभं राहायला काय झालं?"

"नाडी सोडली आहे."

नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आमच्याकडं तसं करतात, ताई."

शेवटी हे उठले. एका हातात पायजमा, दुसऱ्यात पेन. पंख्यानं कागद उडाला, तो धरावा तर पायजमा जातो. शेजारची बाई पदरात तोंड घालून हसत होती. मला मात्र ते पेनच दिसत होतं. मला अजून एक लेकरू हवं होतं.

पाचच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "थांबलंय. फुगा उद्या काढू. हा कागद आता लागणार नाही."

"मग बांधू का, मॅडम?" पायजमा धरूनच ह्यांनी विचारलं.

"आधी बांधा!"

मी हसले, आणि हसता हसता गेलेल्यासाठी रडायचं राहिलं होतं तेही झालं. डॉक्टरीणबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या हाताचं वजन अजून आठवतं.

मग मावशींना फोन लावला. "पिशवी वाचली."

"वाचली? देव पावला! मग शेळी धरते बाई, मेथी संपवून ती आता शेजारणीच्या कोबीत घुसलीय."