सरूबाईच्या आधीची सुई

तुमच्या आजोबांनाही हे माहीत नव्हतं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात एकदा ओठांपर्यंत आलं होतं – पण मी त्यांची उशी नीट केली आणि खिडकी लावून घेतली. तुम्ही लांब आहात म्हणून लिहिते आहे. समोर असता तर आजही बहुधा चहा टाकायला उठले असते.

तुम्ही माझ्या टापटिपीला हसता. ती सवय मला पिंपरीच्या प्रयोगशाळेत लागली. बी.एस्सी. होऊन मी तिथे लागले, तेव्हा भोवती ज्वारीची रानं होती आणि मधूनच एखाद्या कारखान्याची कोरी भिंत. उंदरांपासून माणसाला एक ताप येतो, मेंदूला सूज येते. त्यावर आमचे डॉक्टर लस तयार करत होते. त्या तापाचे विषाणू उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत वाढवायचे, मग औषधाने मारायचे, आणि त्याच मेंदूची लस करायची. ऐकून कसंसंच होतं ना? मला तेव्हा होत नव्हतं. मी हुशार मुलगी होते.

पिंजरे धुवायला, त्यांतलं तूस बदलायला शेजारच्या चिखली गावातल्या बायका यायच्या. सरूबाई त्यांच्यातली सगळ्यात बोलकी. उंदरांनाही शिव्या घालायची, अगदी मायेने.

एका सकाळी लस टोचलेल्या उंदरांतला एक मला वेगळा दिसला. पुढच्या पायांवर चालत होता, मागचे दोन्ही नुसते ओढत होता. तुसावर आवाज येत होता – खस्स, खस्स. आणि बाकीचे पिंजरे गप्प. नेहमीची कुरतड नाही, चिवचिव नाही. जणू सगळे ऐकत होते. मी डॉक्टरांना दाखवला. “पिंजऱ्याच्या दारात चेंगरला असेल,” ते म्हणाले. मला पटलं का? नाही. मग बोलले का? – नाही.

पुढे ठरलं, उंदीर हाताळणाऱ्यांना आधी लस द्यायची. बायका अडून बसल्या. सरूबाई पदर खोचून पुढे आली, माझ्याकडे बोट करून म्हणाली, “आदी आमच्या बाईस्नी टोचा की! शिकल्याल्या कातड्यात सुई शिरती का, बगू तरी.” सगळ्या खिदळल्या. डॉक्टरही हसले. म्हणाले, ठीक आहे, उद्या पहिल्या बाई.

सिरिंजा भरायचं काम माझंच होतं. उकळून, पुसून, एनॅमलच्या ट्रेमध्ये ओळीने लावायच्या. त्या सकाळी मला सारखा तो उंदीर दिसत होता. आणि – इथे माझा हात थांबतो आहे – माझ्या सिरिंजमध्ये मी मिठाचं पाणी भरलं. लस किंचित गढूळ दिसायची, माझं पाणी नितळ; फरक कळू नये म्हणून काचेभोवती कापूस गुंडाळला. दुसऱ्या सिरिंजांपासून माझी जरा बाजूला ठेवली, अगदी सरळ. चुकूनही खरी लस माझ्या दंडात जाऊ नये म्हणून. बाकीच्या मी नीट भरल्या. एकही थेंब सांडला नाही.

सुई टोचली. मी हसले. सरूबाईने माझा दंड चोळून विचारलं, “दुकतं व्हय?” मी म्हटलं, “मुंगी चावल्यासारखं.” मग तिने बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी माझा दंड सुजला. अंगात ताप भरला. मिठाच्या पाण्याने? – आजवर मला ते उमगलेलं नाही. शरीरही खोटं बोलू लागतं का? तो लाल, गरम दंड मी बायकांना दाखवला. “माझंबी असंच झालंय,” सरूबाई म्हणाली, आणि आम्ही मैत्रिणी असल्यासारखी माझ्या शेजारी बसली.

काही आठवड्यांनी ती कामावर यायची थांबली. मी चिखलीला गेले. दार उघडं होतं, आत अंधार. हाक मारली. सारवलेल्या जमिनीवर आवाज आला – खस्स, खस्स. ती दिसायच्या आधीच मला कळलं. हातांवर रेटत ती उंबऱ्याशी आली, मान वर करून हसली.

“सुईचं काय न्हाई वो, बाई. तुमीबी घेतली न्हवं का? तुमी चालताय की. माझंच कायतरी चुकलं आसंल द्येवाचं.”

तेव्हा बोलायचं होतं. मी तिला पाणी पाजलं.

डॉक्टरांनीही तेच म्हटलं. तीच लस, त्याच दिवशी बाईंनी घेतली. त्या ठणठणीत आहेत, म्हणजे हा आजार वेगळा. माझे धडधाकट पाय हा त्यांचा पुरावा झाला. गावाने देवीचा कोप ठरवला. नवऱ्याने तिला माहेरी पोचवलं. आणि लस देणं चालू राहिलं.

तिच्या जागी तिची धाकटी बहीण कामाला लागली. टोचायच्या दिवशी ती सुईकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. “तुमी हायसा न्हवं बाई, मग मला कसली भीती?” डॉक्टरांनी मला तिचा दंड धरायला सांगितला. मी धरला. तिची कातडी थंड होती, आणि माझी पकड घट्ट.

तिला काही झालं नाही. पुढे तिचं लग्न झालं, मुलं झाली. पण तिचा दंड धरून उभी होते, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.