हेटी क्लेगनं खोडलेल्या सुरकुत्या

लंडनात डोव्हर स्ट्रीटवर फॅनशॉसाहेबांचा फोटोचा स्टुडिओ तीन मजल्यांचा. खालच्या मजल्यावर गालिचा, मधल्यावर कॅमेरा आणि सगळ्यात वर, छपराखाली, हेटी क्लेग. आपण मधल्या मजल्यावर देखण्या होतो असं नट्यांना आणि सरदारणींना वाटे. खरं देखणेपण वर तयार होई. ते तयार करणारी बाई जाड भिंगांचा चष्मा लावून, पाठीला पोक काढून, उत्तरेच्या खिडकीशी बसलेली असे.

कामच तसं होतं. फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, उतरत्या मेजावर ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा आणि सुईसारख्या पेन्सिलीनं टिंबं भरत बसायचं. काचेवर सगळं उलटं. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथं उजळ दिसते. ती भरून काढली की कागदावरच्या छापात गाल लोण्यासारखा. कंबर जाड असली तर मात्र पेन्सिल चालत नाही, तिथं पातं लागतं; खरवडलेली जागा छापात काळी उमटते. काळ्या पडद्यापुढं पांढऱ्या झग्यात उभी राहिलेली सरदारीण कितीही फुगलेली असो, हेटी तिला दोन्ही अंगांनी खरवडून बोट-बोट आत घेई.

"ह्या बायका उपाशी कशापायी ऱ्हात्यात कुनाला ठावं," ती म्हणे. "म्या हाय की."

हेटी उत्तरेकडची, लँकशायरातल्या गिरणीच्या गावची. बावीस वर्षं लंडनचा धूर खाल्ला तरी तोंडातली बोली तिनं धुऊन काढली नव्हती. साहेबांनी पहिल्याच वर्षी, जरा चारचौघांसारखं बोला, असं सुचवून बघितलं होतं. "चारचौघांसारखं बोलाया लागले तर चारचौघींसारखंच काम करीन," असं उत्तर आल्यावर त्यांनी तो विषय सोडला.

प्रत्येक काचेसोबत साहेबांची चिठ्ठी येई. 'पाच वर्षं कमी.' 'हनुवटी एकच ठेवावी.' 'मान लांब.' हेटीनं पहिलं वर्षभर त्या चिठ्ठ्या वाचल्या. मग तिच्या ध्यानात आलं, की जगात बायकांना हवं ते एकच असतं. तेव्हापासून चिठ्ठीच्या कागदावर ती पेन्सिलीचं टोक घाशी.

सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे नाटकातल्या मिस इमोजेन डॅरल. बाई गेली सोळा वर्षं चौतीस वर्षांच्या होत्या. हेटीनं त्यांना समोरासमोर पाहिलं असेल दोनदा, तेही जिन्यात. पण त्यांचा चेहरा तिला स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा पाठ होता. नवी सुरकुती उगवली, की बाईंच्या आधी हेटीला कळे. "आली का गं तू?" असं म्हणून ती तिला भरून टाकी.

एकोणीसशे चौतीस सालच्या वसंतात बाईंना एका नव्या नाटकाची ओढ लागली. त्यात एक आजी होती. सगळ्या घराला धाकात ठेवणारी, आणि नाटकातली उत्तम वाक्यं सगळी तिच्याच तोंडी. पण पैसा लावणारा म्हातारा मँचेस्टरला. त्यानं डॅरलबाई पाहिलेल्या त्या फक्त फोटोत. "ही पोर आजी कशी शोभणार?" असं त्यानं कळवलं. आजी दिसेल असा फोटो बुधवारच्या टपालानं निघाला तर ठीक, नाहीतर भूमिका दुसरीला.

मंगळवारी सकाळी बाईंनी फोटो काढून घेतला आणि त्या दुपारच्या गाडीनं ग्लासगोला दौऱ्यावर गेल्या. बुधवारी दहाला साहेब काच न्यायला वर आले. हेटीनं काच पुढं केली. साहेबांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच काचेतल्यासारखा उलटा झाला.

"मिस क्लेग, हे काय आहे?"

"डॅरलबाई. चौतीसच्या. म्हनत आसाल तर तीसच्या करून देते."

"माझी चिठ्ठी वाचलीत?"

हेटीनं मेजावरचा कागद उचलला. शिशाच्या घासपट्टीखालून अक्षरं डोकावत होती. 'एकाही रेघेला हात लावू नये.' खाली तीन रेघा मारलेल्या.

तिनं तो कागद मेजावर पालथा घातला.

"भूमिका गेली," साहेब म्हणाले. "भूमिकेमागनं बाई जाणार. आणि बाई गेल्या तर मला ही खुर्ची मोकळी करावी लागेल, मिस क्लेग. हे नीट ऐका."

"आयकलं. बाकीच्या काचा?"

"तीन आहेत. तिन्हींत बाईंनी हनुवटी वर केलीय नि गाल आत ओढलेत. आजी दिसायला आल्या आणि कॅमेरा बघितल्याबरोबर वीस वर्षांच्या झाल्या! ही एकच काच खरी. बिस्किटं कुठं ठेवलीत, असं विचारत होत्या, तेवढ्यात मी फोटो काढला."

हेटीनं टर्पेंटाइनची बाटली काढली. पेन्सिलीचं काम त्यानं निघतं. कापसाच्या चार पुसण्यांत बाईंच्या कपाळाला पन्नाशी परत आली. पण हनुवटीखालचं मांस आणि गळ्याच्या वळ्या पात्यानं गेलेल्या; खरवडलेलं परत येत नाही.

साहेबांनी वाकून बघितलं. "कपाळ आजीचं आणि गळा नातीचा!"

"उजेडातनं बाजूला व्हा, साहेब."

बावीस वर्षांत केलं नव्हतं ते हेटी करायला बसली. आता सगळं उफराटं. पात्यानं सुरकुती कोरायची आणि पेन्सिलीनं मांस चढवायचं. मोठी अडचण हाताची. हात एक रेघ कोरी, आणि सवयीनं लगेच पेन्सिल उचलून तीच भरायला धावे. हेटीनं त्याला दोनदा शिव्या घातल्या. शेवटी पेन्सिल तिनं एप्रनच्या खिशात घातली आणि लागेल तेव्हाच काढली.

डोक्यात मात्र सगळं लख्ख होतं. कुठली वळी कानामागून निघते, कुठली हनुवटीपाशी थबकते, कुठली हसताना दुभंगते. जिला जिला तिनं घालवलं होतं, तिला तिला तिनं नाव घेतल्यासारखं बोलावून जागेवर बसवलं.

दोन वाजता साहेबांना राहवलं नाही. "ओठाच्या कडेला अजून एक होती ना?"

"ती डाव्या अंगाला. एकोनतीस साली आली. तुमी चा प्या जावा."

तीनला काच खाली गेली, छाप वाळला आणि साडेपाचच्या टपालात पडला. साहेबांनी तो नीट बघितलाही नाही. बघायचा धीर झाला नाही. दोन दिवस हेटीनं घरून आणलेला पाव-मटण तसंच परत नेलं, आणि तिच्या ओळखीत कुणी हे आधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी साहेब जिना चढून आले ते कागद हलवतच. मँचेस्टरच्या म्हाताऱ्यानं लिहिलं होतं : 'बाई इतक्या उतरल्या असतील असं वाटलं नव्हतं. पैसे लावतो.'

"मंग?" हेटीनं विचारलं.

"बसा," साहेब म्हणाले. "खुर्ची तुमचीच आहे."

पंधरा दिवसांनी जिन्यावर धापा ऐकू आल्या. टोपीवरचं पीस आधी वर आलं, मग मिस डॅरल. हातात तोच फोटो.

"क्लेग ती तूच?"

"व्हय, बाई."

"गळ्यावर चार वळ्या कोरल्यास. माझ्या तीन आहेत. मी आरशात मोजल्या."

"कवा मोजल्या? दिवा लावल्यावर?"

बाईंनी तो प्रश्न ऐकला नाही. "हा फोटो मोठा करून नाट्यगृहाच्या दारात लावणार आहेत. अख्खं लंडन बघणार. चौथी काढून टाक."

"चवथी तुमचीच हाय. गळपट्ट्याखाली ऱ्हाती म्हनून दिसत न्हाई. आन् काढली तर मँचेस्टरचा म्हातारा पैसं काढून घील."

"तो बसलाय मँचेस्टरात, त्याला दिसतंय कुठं! बरं, चौथी आणि डोळ्याखालची एक."

"डोळ्याखालची ऱ्हाऊ द्या. नाटकात धाक तीच दाखवती."

बाईंनी फोटो लांब धरून बघितला. धाकाची गोष्ट त्यांना पटलेली दिसली. "बरं, ती राहू दे. पण चौथी जायलाच हवी."

"न्हाई जायची."

"अगं, माणुसकी आहे का तुला?"

"हाय की. सोळा वरसं चौतीसची ठिवली, ती काय सायबानं?"

बाई एकदम हसल्या. हसताना ती दुभंगणारी वळी दुभंगली. हेटीनं चष्मा वर करून बघितलं, जागा बरोबर होती.

"निम्मी काढ," बाई म्हणाल्या. "कानाकडून निम्मी."

हेटीनं विचार केला. मग काच मेजावर चढवली, पेन्सिलीला टोक केलं आणि कानापासून भरत भरत निघाली. बाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. पीस हेटीच्या कानाला गुदगुल्या करत होतं. अर्ध्यावर हात थांबला.

"अजून जरा," बाई म्हणाल्या.

"न्हाई," हेटी म्हणाली आणि पेन्सिल खाली ठेवली.